पोलीस अंमलदाराने समाजमाध्यमांवर काय टाकावे आणि काय टाकू नये

रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कोणत्याही पोलीस ठाण्यात नेमणुकीस असलेल्या अंमलदाराचा मोबाइल उघडला, तर त्यात ठाण्याचा गट, उपविभागाचा गट, बीटमधील (ठाण्याच्या हद्दीतील नेमून दिलेल्या भागातील) पोलीस पाटलांचा गट, किनारी गावांतील स्वयंसेवकांच्या सागर रक्षक दलाचा गट, पत्रकारांचा गट, भरतीच्या वेळच्या सोबत्यांचा गट आणि मुंबईकर चाकरमान्यांसह साऱ्या भावकीचा गट एकाखाली एक सापडतात. माझ्या पाहण्यात तरी अंमलदारावर बालंट येते ते बहुधा या गटांच्या सरमिसळीतून. ठाण्याच्या गटात कामापुरता टाकलेला फोटो कोणीतरी भावकीच्या गटात सरकवतो, तेथून तो तालुकाभर फिरतो आणि दुसऱ्या दिवशी ‘हा फोटो बाहेर कसा गेला’ याचा खुलासा मागवला जातो. त्यामुळे पुढील मार्गदर्शन फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबइतकेच व्हॉट्सॲपलाही लागू आहे असे समजून वाचावे.

नियमांचा आधार

संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु ३३व्या अनुच्छेदाने सशस्त्र दले आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्या बाबतीत त्या हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्यातूनच पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) अधिनियम, १९६६ हा कायदा झाला. परवानगीशिवाय कामगार संघटनेचे किंवा राजकीय संघटनेचे सदस्य होणे, राजकीय हेतूने भरवलेल्या सभेत वा निदर्शनात भाग घेणे आणि वृत्तपत्रांशी संपर्क साधणे किंवा काही प्रकाशित करणे यांवर त्यात निर्बंध आहेत. कर्तव्याचा प्रामाणिक भाग म्हणून केलेले आणि निव्वळ साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाचे प्रकाशन मात्र त्यातून वगळले आहे. या कायद्याच्या भंगासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. १९६६ साली समाजमाध्यमे नव्हती हे खरे, पण सर्वांना दिसेल अशी फेसबुक पोस्ट म्हणजे प्रकाशनच, असे धरून चालणे शहाणपणाचे.

प्रत्यक्षात अंमलदाराची गाठ फौजदारी न्यायालयापेक्षा विभागीय चौकशीशी अधिक पडते. तेथे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लावले जातात आणि शिक्षा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ व त्याखालील १९५६च्या शिक्षा व अपील नियमांनुसार होते. याच अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. ‘मी रजेवर होतो, साध्या कपड्यांत होतो आणि मोबाइलही माझा स्वतःचा होता’ हे उत्तर म्हणूनच टिकत नाही.

या सर्वांवर ताजा आणि सर्वांत स्पष्ट दस्तऐवज म्हणजे सामान्य प्रशासन विभागाचा २८ जुलै २०२५ रोजीचा शासन निर्णय. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवावे. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये. बंदी घातलेली संकेतस्थळे व ॲप वापरू नयेत. द्वेषमूलक, मानहानिकारक किंवा भेदभाव करणारा मजकूर टाकू नये. गोपनीय कागदपत्रे मंजुरीविना प्रसारित करू नयेत. योजनांची माहिती द्यायची झाल्यास ती प्राधिकृत व्यक्तीने आणि आत्मस्तुती टाळून द्यावी, अशा त्यातील सूचना आहेत. कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम यांसारखी ॲप वापरण्यास त्यात मुभा आहे. हा निर्णय सर्वच शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आहे. पोलिसांना तो लागू आहेच, शिवाय वर सांगितलेले निर्बंध अधिकचे आहेत. आपल्या पोलीस अधीक्षक कार्यालयाने स्वतंत्र परिपत्रक काढले असल्यास त्याची प्रत ठाण्यातून मागून घ्यावी आणि वाचल्याची सही करण्यापूर्वी ती खरोखरच वाचावी.

पोस्ट करण्यापूर्वीचा एक प्रश्न

इतके सगळे नियम बंदोबस्ताच्या धावपळीत आठवणार नाहीत. त्यासाठी एकच प्रश्न पाठ करावा: ‘मी पोलीस नसतो तर ही गोष्ट माझ्याकडे असती का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर ती वस्तू, मग तो फोटो असो, आवाजाची फीत असो, एखाद्याचा मोबाइल क्रमांक असो किंवा अंगावरचा गणवेश असो, आपल्या मालकीची नाही आणि वैयक्तिक खात्यावर टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही. मुलाच्या वाढदिवसाचा फोटो, परसातील हापूसचा मोहोर किंवा गावच्या देवळातील दीपमाळ या गोष्टी पोलीस नसतानाही आपल्याकडे असत्या. त्या खुशाल टाकाव्यात. हा प्रश्न सगळ्याच बाबतींत पुरत नाही, मतप्रदर्शनाच्या बाबतीत तर मुळीच नाही, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे. पण फोटो आणि माहितीच्या बाबतीत तो क्वचितच फसवतो.

घटनास्थळाचे फोटो

समजा, मे महिन्यातील रविवारी दुपारी एका किनाऱ्यावर घाटावरून आलेल्या कुटुंबातील तरुण बुडाला. स्थानिक मुलांनी आणि जीवरक्षकांनी त्याला बाहेर काढले, अंमलदार पोहोचला आणि त्याने मोबाइलवर फोटो घेतले. त्यातील एक फोटो नीट पाहू. मध्यभागी मयताचा चेहरा आहे. डाव्या बाजूस ओल्या साडीत बसलेली बाई आहे, जी त्याची आई असावी. मागे उभ्या असलेल्या गाडीची नंबरप्लेट वाचता येते. उजव्या कोपऱ्यात सहकाऱ्याच्या हातातील वही उघडी असून तिच्यावर नाव, गाव आणि नातेवाइकाचा मोबाइल क्रमांक लिहिलेला आहे. फोटो घेणाऱ्याला यातले चेहऱ्यापलीकडचे काहीच दिसलेले नसते. तो फोटो ‘पर्यटकांनो, सावधान’ अशा ओळीसह गटात जातो आणि ठाण्यातून रीतसर फोन जाण्याच्या आत घरी मागे राहिलेल्या वडिलांच्या मोबाइलवर पोहोचतो. हेतू लोकांना सावध करण्याचा होता, हे नंतर कितीही सांगितले तरी त्या बापाला त्याचा काही उपयोग नसतो.

येथे करावयाची गोष्ट सोपी आहे. घटनास्थळाचा फोटो फक्त तपासी अंमलदाराला आणि तोही त्याच्या एकट्याच्या क्रमांकावर पाठवावा. गटात टाकू नये. पर्यटकांना सावध करायचे असल्यास भरतीची वेळ, धोक्याची जागा आणि पाण्यात न उतरण्याची सूचना एवढाच मजकूर, मयताच्या उल्लेखाविना, अधिकृत खात्यावरून द्यावा. मृतदेह अनोळखी असेल तर ओळख पटवण्यासाठी छायाचित्र प्रसिद्ध करणे हे कर्तव्यच आहे. पण तो मजकूर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या मंजुरीने, कपडे, गोंदण, अंगावरील खुणा आणि ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक यांसह जातो, अंमलदाराच्या स्टेटसवर नव्हे.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेमुळे मोबाइल हा आता तपासाचे साधनच झाला आहे. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे व त्यासाठी ई-साक्ष्य हे ॲप आहे. हे चित्रीकरण ॲपमधूनच करावे. स्वतःच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने ‘जास्तीची एक प्रत असू दे’ म्हणून समांतर चित्रीकरण करण्याची सवय मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती प्रत फोनच्या गॅलरीत पडते, तेथून आपोआप गूगल फोटोजमध्ये चढते आणि घरातील मुलाच्या टॅबवरही दिसू लागते. खटल्यात बचाव पक्षाने दोन चित्रीकरणांतील फरकावर बोट ठेवले की साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या अंमलदाराला उत्तर सुचत नाही.

पीडित व्यक्ती आणि बालके

लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचे (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याचे) कलम २३ आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ आहे. कलम ७४ केवळ पीडित बालकाला संरक्षण देत नाही. कायद्याशी संघर्ष झालेल्या बालकाची, म्हणजे चोरी करताना सापडलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचीही ओळख जाहीर करता येत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले की नाव न छापणे पुरेसे नाही; ज्यावरून ओळख पटेल असा कोणताही तपशील देता येत नाही आणि पीडिता मयत असली तरी हे संरक्षण संपत नाही.

कोकणात या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व फार मोठे आहे. शहरात ‘दहावीत शिकणारी मुलगी’ म्हटल्याने काही कळत नाही. येथे गाव म्हणजे पाच-दहा वाड्या आणि वाडीत दहावीला असलेली मुलगी बहुधा एकच असते. गावाचे नाव, वाडीचे नाव, शाळेचे नाव, वडील मुंबईत असल्याचा उल्लेख, आरोपी ‘नात्यातील’ असल्याचा उल्लेख, यांतील कोणतेही दोन तपशील एकत्र आले की नाव सांगितल्यासारखेच होते. म्हणून अशा गुन्ह्याची माहिती, अगदी अधिकृत प्रेस नोटमध्येसुद्धा, तालुक्याच्या पातळीपेक्षा खाली उतरू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार प्रथम खबरी अहवाल संकेतस्थळावर टाकले जातात, पण लैंगिक आणि पोक्सोखालील गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. ओळखीच्या पत्रकाराला ‘फक्त संदर्भासाठी’ अशा अहवालाचा फोटो पाठवणारा अंमलदार ही वगळणूकच निकामी करतो.

आरोपीचे फोटो आणि चित्रफिती

मुसक्या बांधलेला आरोपी, त्याच्या मागे छाती काढून उभे असलेले पथक आणि खाली जोरकस संगीत, ही चित्रफीत हल्ली फार लोकप्रिय आहे. तिच्यावर मला दोन आक्षेप घ्यावेसे वाटतात. पहिला आक्षेप पुराव्याचा आहे. फिर्यादीने आरोपीला पूर्वी ओळखत नसल्याचे सांगितले असेल, तर ओळख परेड, म्हणजे इतर माणसांत उभ्या केलेल्या आरोपीला फिर्यादीने ओळखण्याची चाचणी, घ्यावी लागते. आरोपीचा चेहरा आदल्या दिवशी साऱ्या तालुक्याने मोबाइलवर पाहिलेला असताना त्या परेडचे मोल न्यायालयात किती उरेल, हे सरकारी वकिलांना विचारावे. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्यही असेच आहे: पोलिसांसमोरील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, मग ते वाक्य प्रसिद्ध करून नेमके काय साधते? दुसरा आक्षेप माणसाच्या प्रतिष्ठेचा. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात दिला आहे आणि अटकेतील व्यक्तीचा तो हक्क अटकेबरोबर गळून पडत नाही. जप्त केलेल्या मुद्देमालाचा फोटो द्यायचा असेल तर केवळ मुद्देमालाचा द्यावा आणि त्यातही वाहनांचे क्रमांक, पंचांच्या सह्या व मोबाइलचे पडदे झाकावेत.

गणवेश, रील आणि कला

वैयक्तिक खात्यावर फोटो, रील किंवा चित्रफीत टाकताना पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, शासकीय वाहन आणि इमारत यांचा वापर करू नये, असे २०२५ चा शासन निर्णय सांगतो. प्रोफाइल छायाचित्राचा अपवाद ठेवलेला असला तरी त्या अपवादाचा आधार घेऊन गणवेशातील फोटो लावू नये, असे माझे मत आहे. गणवेशातील प्रोफाइल दिसले की पोस्ट खाली कितीही ‘वैयक्तिक मत’ लिहिलेले असो, ती पोलिसांचीच ठरते. शिवाय तोच फोटो उचलून बनावट खाते काढणाऱ्यांचे काम सोपे होते.

शिमग्यात पालखी नाचवताना ग्रामस्थ बंदोबस्तावरील अंमलदाराला आग्रहाने पुढे ओढतात आणि तोही गावकरीच असल्याने क्षणभर खांदा देतो. त्याची चित्रफीत गावच्या पोराने टाकली, तर कोणताही समंजस अधिकारी त्याचा बाऊ करणार नाही, करूही नये. परंतु अंमलदाराने स्वतः ती चित्रफीत गाणे जोडून आपल्या खात्यावर टाकली, की बंदोबस्ताच्या वेळी लक्ष कुठे होते हा प्रश्न विचारण्याची सोय तोच करून देतो.

कलेची वाट बंद नाही. सिंधुदुर्गात दशावतारात काम करणारे, रत्नागिरीकडे नमन आणि जाखडीत गाणारे, भजनात पखवाज वाजवणारे अनेकजण पोलीस दलात आहेत आणि निव्वळ कलाविषयक प्रकटीकरणाला १९६६ च्या कायद्यानेच जागा ठेवली आहे. त्यांनी साध्या कपड्यांत, पदनामाविना आणि नोकरीच्या वेळेबाहेरचे सादरीकरण टाकावे. यूट्यूबवरून पैसे मिळू लागले तर मात्र विषय बदलतो. पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यवसाय करण्यास वर्तणूक नियमांची मनाई आहे. म्हणून उत्पन्नाचा पर्याय चालू करण्यापूर्वी लेखी अर्ज करावा. एखाद्या हॉटेलचे, रिसॉर्टचे किंवा स्कूबा डायव्हिंगवाल्याचे कौतुक करणारी पोस्ट, बदल्यात जेवण फुकट मिळाले नसले तरी, टाकू नये.

किनाऱ्याची सुरक्षा

१९९३ च्या बॉम्बस्फोटांपूर्वी स्फोटके श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे उतरवली गेली आणि २००८ चे हल्लेखोर समुद्रमार्गे मुंबईत आले. या दोन घटनांनंतर कोकणातील प्रत्येक लँडिंग पॉइंट (बोटी किनाऱ्याला लागण्याची जागा), गस्ती नौकेची वेळ, नादुरुस्त असलेली नौका आणि चौकीवरील मनुष्यबळ ही सुरक्षेची माहिती ठरते. ‘आज रात्रपाळी, बोटीवर एकटाच’ असे लिहून खाली ठिकाण जोडलेला सूर्यास्ताचा फोटो टाकणे म्हणजे त्या रात्री त्या खाडीत किती पोलीस आहेत हे जाहीर करणे होय. ‘सागर कवच’ या किनारा सुरक्षेच्या सरावाचे दिवस, त्यातील संकेत, कोणत्या ठाण्याने ‘घुसखोर’ पकडले नाहीत, याविषयीच्या गमती सरावानंतरही गटांत लिहू नयेत.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरजवळ एक रिकामी नौका आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या, तेव्हा दुपारपर्यंत साऱ्या राज्यात तर्कांना ऊत आला होता. ती एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, खवळलेल्या समुद्रात सोडून द्यावी लागलेली नौका असल्याचा खुलासा सरकारने त्याच दिवशी केला. अशा मधल्या तासांत लोक गावातील ओळखीच्या पोलिसाला विचारतात. ‘मला माहीत नाही, अधिकृत माहिती येईल तेव्हा कळेल’ हेच उत्तर द्यावे. ‘बहुतेक अतिरेकी असावेत, पण कोणाला सांगू नका’ असा संदेश अंमलदाराच्या क्रमांकावरून गेला की त्यावर शंका घेण्याचे कोणाला कारण उरत नाही.

मते, राजकारण आणि गाऱ्हाणी

निवडणुकीच्या काळात लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम १२९ लक्षात ठेवावे. पोलीस दलातील कोणीही कोणाला मत देण्यास किंवा न देण्यास प्रवृत्त करू नये, असे ते सांगते आणि त्याच्या भंगास सहा महिन्यांपर्यंत कारावास आहे. उमेदवाराच्या पोस्टवरील ‘साहेब, आपणच!’ ही प्रतिक्रिया, विजयाचा गुलाल उधळणारे स्टेटस किंवा पक्षाच्या गटात राहणे हे सर्व टाळावे. अशा गटात कोणी परस्पर घातले असल्यास त्याच दिवशी बाहेर पडावे. लग्नात किंवा बारशाला नेत्यासोबत काढलेला फोटो निवडणुकीच्या तोंडावर पुन्हा टाकू नये.

जात, धर्म आणि दैवते यांविषयीचे विनोद पुढे ढकलण्यालाही हेच लागू आहे. ‘मी लिहिले नाही, फक्त फॉरवर्ड केले’ असे म्हणणाऱ्याने, उद्या त्याच वस्तीत दंगा झाल्यास त्या समाजातील फिर्यादी आपल्यासमोर बसून जबाब देईल का, याचा विचार करावा.

येथील अंमलदार बहुधा याच जिल्ह्यातील असतो, ही कोकणातील खरी अडचण आहे. २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी बंदोबस्त लागला, तेव्हा आंदोलकांत आणि पोलिसांत नात्यागोत्याची माणसे समोरासमोर येणे अटळ होते. पर्ससीन (मोठ्या घेर-जाळ्याने मासेमारी करणारे) आणि पारंपरिक मच्छीमार यांच्या वादातही तसेच होते. प्रकल्प हवा की नको, एलईडी दिव्यांची मासेमारी कोणाच्या आशीर्वादाने चालते, यावर अंमलदाराला मत असणारच. परंतु ते त्याने गटात मांडले की दुसऱ्या दिवशीचा लाठीमार किंवा जप्ती त्या मताचा भाग म्हणून वाचली जाते.

याच्या उलट बाजूकडेही पाहावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये उत्तर कोकणातील पालघर येथे बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली, देशभर टीका झाली आणि संबंधित अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. आक्षेपार्ह ऑनलाइन संदेश पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात रद्द केले, त्या लढ्याची सुरुवात या अटकेतून झाली. नागरिकाने पोलिसांवर, शासनावर किंवा नेत्यावर केलेली टीका आपल्याला आवडली नाही म्हणून तिच्याखाली गणवेशाचा धाक दाखवणारी प्रतिक्रिया लिहू नये. तो हक्क त्याला आहे. आपल्याला तितका नाही, एवढेच.

रजा, बदली, घरे आणि ड्युटीचे तास यांविषयीची गाऱ्हाणी खरी असतात आणि ती दाबून ठेवावीत असे मी म्हणणार नाही. पण ती मांडण्याची जागा म्हणजे अधीक्षकांचा दरबार (अंमलदारांची गाऱ्हाणी ऐकण्याची बैठक), लेखी अर्ज आणि शेवटी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. पत्नीच्या किंवा भावाच्या खात्यावरून तेच गाऱ्हाणे टाकल्याने नाव लपत नाही, कारण ड्युटी तक्त्याचा फोटो कोणी दिला हे उघड असते. कुटुंबीयांना स्वतःची मते मांडण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्यांना केवळ आपल्याकडून ठाण्यातील माहिती मिळू नये.

ठाण्याच्या अधिकृत खात्यावर लिहिताना

अधिकृत खाते चालवण्याचे काम सहसा ठाण्यातील ‘संगणकातले कळणाऱ्या’ तरुण अंमलदाराकडे येते. त्याने पहिल्याच दिवशी, मजकूर कोण मंजूर करणार आणि रात्री दोन वाजता मंजुरी कोणाची घ्यायची, हे लिहून घ्यावे. पावसाळ्यात याची गरज पडतेच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पाण्याखाली गेले. त्यामुळे ‘धरण फुटले’ ही अफवा या भागात कोणालाच अशक्य वाटत नाही. ती खोडताना अफवेचा मूळ संदेश पुन्हा टाकू नये, कारण तोच पुढे फिरतो. पाटबंधारे विभाग किंवा तहसील कार्यालयाकडून खात्री करून वेळेसह सरळ विधान करावे.

घाट बंद असल्याचा संदेश साधारण असा असावा: ‘आज सकाळी ६.१० वाजता परशुराम घाटात दरड आल्याने मुंबई–गोवा महामार्गावरील दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली आहे. हलकी वाहने लोटे–चिरणी–आंबडस–कळंबस्ते मार्गाने सोडण्यात येत आहेत. अवजड वाहनांनी आहे तेथेच थांबावे. पुढील माहिती ८ वाजता याच खात्यावर देण्यात येईल. मदतीसाठी ११२.’ यात वेळ आहे, कोणी काय करायचे ते आहे आणि पुढील माहिती कधी मिळेल तेही आहे. ‘आमचे जाँबाज अधिकारी भरपावसात’ वगैरे मजकूर यात नसावा. गणपतीला निघालेल्या आणि लहान मुलांसह गाडीत अडकलेल्या चाकरमान्याला तो वाचायचा नसतो.

आठ वाजता काहीच नवे नसले तरी ‘परिस्थिती तीच आहे’ असे आठ वाजता लिहावे.

मोबाइलची तजवीज

व्हॉट्सॲपवरील फोटो आपोआप गॅलरीत उतरण्याची सोय बंद करावी. कॅमेऱ्यातील ठिकाणाची नोंद बंद करावी. दुहेरी पडताळणीचा सहा अंकी पिन लावावा व जोडलेल्या उपकरणांची यादी अधूनमधून तपासावी. ठाण्याच्या संगणकावर उघडे राहिलेले व्हॉट्सॲप वेब हे माहिती फुटण्याचे फार साधे कारण असते. ‘ई-चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाने आलेली एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडू नये, मग ती सहकाऱ्याच्या क्रमांकावरून आलेली का असेना. अनोळखी प्रोफाइलवरून गोड बोलणी सुरू झाली आणि बोलण्यात गस्तीचा किंवा बंदराचा विषय आला, तर ते संभाषण जसेच्या तसे जिल्हा विशेष शाखेला दाखवावे.

गटाचा ॲडमिन असल्यास एक गोष्ट माहीत असावी. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह संदेशासाठी केवळ ॲडमिन म्हणून फौजदारी जबाबदारी येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. विभागीय चौकशीत मात्र, संदेश पाहूनही गप्प का राहिलात, हा प्रश्न विचारला जाऊ शकतो. संदेश काढावा, सदस्याला ताकीद द्यावी आणि वरिष्ठांना कळवावे.

चूक झाल्यावर

चुकीची पोस्ट गेल्याचे लक्षात येताच तिचा स्क्रीनशॉट घ्यावा, मग ती काढावी आणि त्याच तासात प्रभारी अधिकाऱ्यांना स्वतः सांगावे. गुपचूप ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करून गप्प बसणे सर्वांत वाईट, कारण तोवर कोणीतरी स्क्रीनशॉट घेतलेलाच असतो आणि मग मूळ कसुरीपेक्षा लपवाछपवी जड जाते. पोस्टमुळे पीडित व्यक्तीची ओळख उघड झाली असेल तर तपासी अंमलदाराला त्वरित कळवावे, म्हणजे पुढे गेलेल्या प्रती काढून घेण्याचे प्रयत्न सुरू होतील. खुलासा मागवल्यास तो मुदतीत, मोजक्या शब्दांत आणि घडले तसेच लिहून द्यावा. मोबाइल हरवला होता किंवा मुलाने खेळताना पोस्ट टाकली, ही कारणे चौकशी अधिकाऱ्यांनी यापूर्वीही वाचलेली असतात.

आपल्या नावाचे बनावट खाते आढळल्यास माध्यमाकडे तक्रार नोंदवून सायबर पोलीस ठाण्यास लेखी कळवावे आणि कोणी पैसे भरले असतील तर त्यांना विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार करायला लावावे.

बदली झाल्यावर मुद्देमाल आणि कागदपत्रांप्रमाणेच अधिकृत खात्याचा पासवर्ड, त्याला जोडलेला ईमेल व मोबाइल क्रमांक यांचाही कार्यभार लेखी सोपवावा, जुन्या ठाण्याच्या व बीटच्या गटांतून बाहेर पडावे आणि आपल्या फोनवर राहिलेले तेथील गुन्ह्यांचे फोटो तपासी अंमलदाराकडे त्यांच्या प्रती असल्याची खात्री करून पुसून टाकावेत.